हॅनाची सात वर्षं

बुधवारी सकाळी साडेसहाला आईनं चहाचा कप ओट्यावरून उचलला आणि आवाज झाला नाही. मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसले होते, तीनशे वर्षांपूर्वीच्या एका कारकुनाचं गिचमीड अक्षर लावत. आवाज झाला नाही म्हणूनच मान वर केली. आईच्या दोन्ही मनगटांत एकही बांगडी नव्हती. बांगड्यांच्या जागी कातडी फिकट पडली होती, उरलेला हात उन्हानं काळा. जन्मापासून मी त्या हिरव्या बांगड्या ऐकत आले होते. तांदूळ पाखडताना, बोंबील निवडताना, माझ्या पाठीत धपाटा घालताना. आता ती खिडकीशी उभी राहून बशीतला चहा फुंकत होती आणि बाहेर तारापूरच्या कारखान्यांवरून येणारा तो गोडसर, घशात बसणारा वास नेहमीसारखा आत येत होता. कपाळाकडे बघून काही कळलं नसतं, कारण तिच्या कपाळावर कुंकवाच्या जागी गोंदण आहे, ते कुणाला पुसता येत नाही. मी काही विचारलं नाही. मला वाटलं, जिंकले. अगदी हाच शब्द मनात आला, आणि खोटं कशाला सांगू, त्याचा आनंदही झाला.

कारण दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तिला वकिलासमोर एका प्रतिज्ञापत्रावर सही करायची होती आणि ती सही करणार नाही याची आम्हा दोघा भावंडांना जवळजवळ खात्री होती. नवापूरचं आमचं घर अजून वडिलांच्या नावावर आहे. कमलाकांत हे वडिलांचं नाव. अठ्ठ्याऐंशीच्या सप्टेंबरात ते ज्या बोटीवर होते ती वादळात उलटली, दोघांची प्रेतं तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागली, वडिलांचं काही सापडलं नाही. मी नऊ वर्षांची होते, धाकटा भाऊ सुजीत पाचाचा. आता समुद्र त्या घराच्या मागच्या पडवीत शिरतो. गेल्या पावसात मागची भिंत गेली. सुजीतला ती पाडून, जोतं उचलून नव्यानं बांधायचं आहे, नाहीतर आणखी दोन पावसाळ्यांत त्याची बायकापोरं उघड्यावर येतील. बांधायला परवानगी हवी, परवानगीला घर नावावर हवं, नावावर करायला वडिलांचा मृत्यू कागदावर हवा. कायदा सोपा आहे. ज्यांना बातमी कळायला हवी अशा माणसांना सात वर्षांत काहीच कळलं नसेल तर कोर्ट माणूस मेला असं धरतं. ते सांगायचं बायकोनं. आणि इथं बायको म्हणजे आमची आई, ती सदतीस वर्षं एकच उत्तर देत होती, ‘मी नाय सांगनार.’ पुढं काही नाही. नुसतं, मी नाय सांगनार.

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात. मी बोईसरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बसून अमेरिकन लोकांचे पूर्वज शोधते. नवरा विनोद फॅक्टरीत पहिल्या पाळीला गेला की मी बसते. चौदा वर्षं झाली. सुरुवातीला एका कंपनीसाठी जुनी कागदपत्रं नुसती टाइप करायची, मग हळूहळू माझं नाव झालं. तिकडच्या लोकांना स्वतःच्या पणजोबाचं अक्षर लागत नाही, मला लागतं. इंग्रजांचं राज्य असतानाची त्यांची मृत्युपत्रं, चर्चच्या वह्या, जमिनीचे कागद. कुठल्या कारकुनाचा एस कसा वळतो हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. माझा एक नियम आहे आणि तो मी हाताखालच्या दोन मुलींनाही घोकून घेतला आहे. माणूस सापडत नसेल तर त्याच्याकडे बघायचं सोडा, साक्षीदारांकडे बघा. कागदाच्या खाली कोपऱ्यात कोण उभा आहे, लग्नाला कोण आलं, प्रेताला खांदा कुणी दिला. ज्याला माहीत असतं तो नेहमी कडेला उभा असतो. या नियमावर मी वीस-वीस वर्षं अडलेली घराणी सोडवली आहेत. गर्व म्हणा हवं तर. आहे मला गर्व.

या वेळचं माझं गिऱ्हाईक म्हणजे लोरीन नावाची एक्याऐंशी वर्षांची निवृत्त शिक्षिका, ओहायोत एकटी राहते, पत्राच्या शेवटी न चुकता तिच्या मांजराची तब्येत कळवते. तिचा मूळ पुरुष एझ्रा हॉलोवे, मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या एका खेड्यातला मासेमार. आता गंमत अशी की त्यांच्या घराण्याचं जे शंभर वर्षांपूर्वी छापलेलं पुस्तक आहे त्यात दोन एझ्रा आहेत. एक सतराशे एकतीसच्या शरदात बोटीसकट बुडाला. दुसरा सतराशे अडतीसला वारला, त्याच्या मालमत्तेची यादी कोर्टात आहे: एक जुनी होडी, दोन जाळी, एक लोखंडी कढई, मासे सुकवायचे मांडव. दोघांच्याही बायकोचं नाव हॅना. पुस्तक लिहिणाऱ्या सद्गृहस्थांनी चुलतभाऊ म्हणून त्यांची वाटणी करून टाकली आणि लोरीनचं घराणं दोन्हीकडून लोंबकळत राहिलं. चार संशोधकांनी हात टेकले. मी ते कागद उघडले आणि तिसऱ्या दिवशी मला हसूच फुटलं. बुडाल्याचं साल एकतीस, यादीचं साल अडतीस. मधे किती वर्षं? सात. अहो, माणूस एकच! हॅनानं सात वर्षं त्याला मरू दिलं नव्हतं. बत्तीस साली तिला मुलगा झाला, त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत ती विधवा नाही, ‘एझ्राची बायको हॅना’ आहे. चौतीस साली करवसुलीच्या यादीत, तेव्हाही बायको. सात वर्षांनी, बहुतेक पोराबाळांसाठी, ती कोर्टात उभी राहिली. ओहायोच्या, बोस्टनच्या विद्वानांना हे दिसलं नाही, कारण त्यांच्यापैकी कुणाची आई नवापूरची नव्हती.

हे मी आईला रविवारी सांगितलं. ती त्याच दिवशी सुजीतबरोबर मोटरसायकलवरून आली होती, पिशवीत सुके बोंबील आणि एक नेसूचं लुगडं घेऊन. सांगण्यात माझा डाव होता, तो मी लपवत नाही. मी म्हटलं, बघ, सातासमुद्रापलीकडे तुझ्यासारखीच एक बाई होऊन गेली. तिचाही नवरा दर्यात गेला. तिनंही कुंकू पुसलं नाही, म्हणजे त्यांच्यात जे काय असेल ते. पण सात वर्षांनी तिनं सांगितलं, आणि तिला ‘मेला’ असं म्हणावं लागलं नाही. तिच्या अर्जात शब्द आहेत, ‘तो बुडाला, सात वर्षांत त्याच्याविषयी ऐकू आलेलं नाही, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं.’ एवढंच. तुलाही एवढंच म्हणायचं आहे, आई. मेला म्हणू नको. ऐकलं नाही म्हण. आई जमिनीवर पाय पसरून बोंबलांची डोकी मोडत होती. मग म्हणाली, “अगो, पन त्या बायनं कुनाला इचारलं नाय? बोटी तं लांबलांब जातात. कोनतरी बगितलं असंल.” मला तिचं कौतुक वाटलं. म्हटलं, “तीनशे वर्षांपूर्वी कसली विचारपूस, आई!” ती म्हणाली, “तवा पन बोटी व्हत्या ना.” आणि पुन्हा डोकी मोडू लागली. तेवढंच. मला वाटलं, बी पडलं. बुधवारी मनगटं मोकळी दिसली तेव्हा वाटलं, रुजलं.

विचारलं नाही त्याला आणखी एक कारण होतं, ते जरा आतलं आहे. त्या बांगड्यांचा मला लहानपणी फार राग यायचा. नवापूरला वडील गेल्यावर पहिल्या वर्षी बायका घरी यायच्या, आईला समजावायच्या. पाच वर्षं झाली, दहा झाली, मग समजावणं थांबलं आणि कौतुक सुरू झालं. जमनाचा विश्वास बघा, म्हणायच्या. दर नारळी पुनवेला आई पुढं, नारळ तिच्या हातात. लग्नात ओटी भरायला ती. आणि मी शाळेत वडिलांच्या नावाआधी काय लिहायचं ते न कळून पेन चावत बसायची. मैत्रिणी म्हणायच्या, तुझा बाप आहे की नाही, एक काय ते सांग. मी घरी येऊन आईला विचारायची, ‘बाबा येणार आहेत का?’ ती कधीही ‘हो’ म्हणाली नाही. हे मला आत्ता लिहिताना आठवतं. ती ‘हो’ म्हणाली नाही आणि ‘नाही’ म्हणाली नाही, ‘जेव’ म्हणाली. दहावीला मी केंद्रात पहिली आले तेव्हा ती मला आधी देवळात न नेता बंदरावर घेऊन गेली, बुधाकाकाला पेढा द्यायला. बुधाकाका शेजारच्या बोटीचा तांडेल, सौराष्ट्रापर्यंत मासेमारीला जायचा. पेढा हातात घेऊन तो रडला. मला वाटलं, प्रेमळ माणूस. माझ्या लग्नात त्यानं मला बांधणी दिली, लाल, रेशमी, दोन्ही पदरांना जर. घरात धड पत्रे नसलेला माणूस. अजून माझ्या कपाटात आहे ती, वर्षातून एकदा ऊन दाखवते. चार वर्षांपूर्वी बुधाकाका गेला तेव्हा आई तेराव्यापर्यंत त्यांच्या घरून हलली नाही.

तर त्या बुधवारी मी अहवाल पूर्ण केला. बावीस पानं, एकसष्ट आधार. निष्कर्ष एका ओळीत: एझ्रा हॉलोवे एकच, सतराशे एकतीसमध्ये समुद्रात मृत्यू, पत्नी हॅना हिनं कायद्यानं लागणारी सात वर्षं वाट पाहिली. लोरीन त्याच्या नावानं तिकडच्या किनाऱ्यावर दगड बसवणार होती, ‘समुद्रानं नेला’ असं कोरून. दगडाचा नमुना तिनं मला दोनदा पाठवला होता. अहवाल पाठवण्याआधी मी रिवाजाप्रमाणे शेवटचा फोल्डर चाळला. त्याला मी ‘संबंध नाही’ असं नाव देते. एकाच नावाची भलतीच माणसं असतात, ती त्यात टाकायची. त्यात कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरचा एक जमिनीचा कागद होता, सतराशे पस्तीसचा. एझ्रा हॉलोवे, नावाडी, आणि त्याची बायको मेरी. सही येत नव्हती म्हणून खाली खूण काढलेली, गळाच्या आकड्याची. आमच्या एझ्राचीही एकोणतीस सालच्या एका कागदावर तशीच खूण होती. पण मासेमाराला खूण काढ म्हटलं तर तो गळच काढणार, गुलाब थोडाच काढणार आहे? मी फोल्डर बंद केला, अहवाल पाठवला आणि आईला म्हटलं, उद्या साडेनवाला निघू. ती म्हणाली, “बरं.” इतक्या सहज म्हणाली की मला उचलून नाचावंसं वाटलं तिला.

गुरुवारी सुजीतनं ओळखीच्या माणसाची गाडी आणली. आई पुढं बसली होती, मांडीवर हात, मनगटं उघडी. सुजीतनं आरशातून ती पाहिली आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, मी डोळ्यांनीच गप्प बस म्हटलं. त्याचे कान लाल झाले होते. पाच वर्षांचा असतानाही आनंद झाला की त्याचे कान आधी लाल व्हायचे. कोळगावला जिल्ह्याच्या त्या भल्याथोरल्या नव्या इमारतींसमोर आमच्या वकिलाचं ऑफिस आहे, एका गाळ्यात, झेरॉक्सच्या दुकानाला लागून. प्रदीप वकील तरुण आहे, माणूस बरा. त्यानं आईला खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला आणि म्हणाला, “मावशी, मी वाचून दाखवतो, पटलं तरच सही करा.” वाचत गेला. मी, जमना कमलाकांत, वय अडुसष्ट, राहणार नवापूर. माझे पती अमुक तारखेला मासेमारीस गेले. शेवटी आलं ते वाक्य. तेव्हापासून आजतागायत मला माझ्या पतीविषयी कोणतीही बातमी मिळालेली नाही अथवा ते हयात असल्याचं ऐकिवात नाही, हे मी शपथेवर सांगते.

“थांब,” आई म्हणाली.

सुजीतनं कपाळावर हात मारला. “आये, आता आनि काय!”

“ह्या मी कसं सांगू?” आई म्हणाली. आवाज चढवला नाही, बाजारात भाव सांगावा तसं सांगितलं. “मंगलवारी आईकलंय मी. त्ये वारले. वेरावलला.”

बाहेर झेरॉक्सचं मशीन कागद ओढत होतं, त्याचा आवाज मला अजून कानात आहे. प्रदीप वकिलानं हातातला कागद टेबलावर ठेवला. मी म्हटलं, “आई, कोण वारले?” इतका मूर्ख प्रश्न मी चौदा वर्षांत कुणाला विचारला नव्हता. आईनं पिशवीतून बटणांचा मोबाइल काढून माझ्यापुढं ठेवला आणि मग जे सांगितलं ते सांगायला तिला पाच मिनिटंही लागली नाहीत. बोट उलटली तेव्हा वडिलांना गुजरातच्या एका बोटीनं उचललं, वेरावळला नेलं. तिथं ते दोन महिने आजारी होते. तिथल्या एका घरानं सांभाळलं, आणि ते तिथंच राहिले. बुधाकाकाला ते तिसऱ्या वर्षी वेरावळच्या बंदरावर दिसले, जाळं विणत बसलेले, शेजारी एक बाई आणि अंगावर पिणारं पोर. बुधाकाका परत आला तो थेट आमच्या वलांडीशी, जिथं आई बोंबील वाळत घालत होती. त्यानं सांगितलं, आईनं उरलेले बोंबील घातले, आणि त्याला देवाची शपथ घातली.

“का?” सुजीत ओरडला. “का नाय सांगितलंस? सदतीस वर्सं आमी... मी दर पुनवेला पान्यात फुलं टाकतंय, आये!”

“टाकलीस तं काय वाईट झालं?” आई म्हणाली. “तुमी लान व्हती. टाकून गेला म्हनलं असतं तं सगल्या गावानं तुमाला तसं बगितलं असतं. पोर टाकलेल्याची पोरं. दर्यानं नेला म्हनलं की कोन तोंड उघडत नाय.” जरा थांबून म्हणाली, “मला राग नव्हता असा नाय. लय व्हता. रातचा दिवस केला मी रागानं. पन मानूस जित्ता असतां बांगड्या कशा फोडू? आनि मेला असा कागदावं कशी लिवू? त्ये पाप माज्याच्यान झालं नसतं.”

सगळं नवापूर त्या बांगड्यांना विश्वास म्हणत होतं आणि तिच्यापुरती ती साधी वस्तुस्थिती होती. नवरा जिवंत, म्हणून बांगड्या. एवढंच. तिनं तीस-पस्तीस वर्षं एकदाही खोटं सांगितलं नव्हतं, आम्हीच तिच्या मनगटाकडे बघून काय हवं ते वाचत होतो. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. मला राग आला होता, भयंकर, वडिलांचा की तिचा की माझा ते कळत नव्हतं. आणि त्या रागातही डोक्याचा कामाचा भाग चालूच होता, त्याला मी काय करू? पेढा. बांधणी. बुधाकाका रडला होता. ज्याला माहीत असतं तो कडेला उभा असतो, हे मुलींना घोकवणारी मी. माझ्याच लग्नाच्या फोटोत तो डाव्या बाजूला शेवटचा उभा आहे, हात बांधून, जबाबदारीनं आल्यासारखा. त्याच्याकडून आई पोरांची खबर धाडत होती, माझे मार्क, सुजीतचा मोडलेला हात, माझं लग्न. त्या बदल्यात एकदा एक साडी आली. मरण्याआधी बुधाकाकानं आईचा नंबर तिकडे दिला होता. फोन कधी आला नाही. “नंबर ठेवला व्हता, यवढाच,” आई म्हणाली. मंगळवारी आलेला फोन वडिलांच्या तिकडच्या धाकट्या मुलीनं केला होता. बापाच्या मोबाइलमध्ये ‘जमना नवापूर’ असं नाव तिला सापडलं.

मी तो शेवटचा नंबर लावला. लावू नको असं कुणी म्हणालं नाही. पलीकडून एका बाईनं उचलला, माझ्याहून बरीच लहान असावी. मी हिंदीत माझं नाव सांगितलं. ती म्हणाली, “हेमांगीदीदी? मैं रिद्धी.” मग तीच म्हणाली, “पापा बोलते थे, आप दसवीं में फर्स्ट आई थीं. सुजीतभाई का हाथ ठीक है ना?” सुजीतचा हात एकोणीसशे पंचाण्णवमध्ये मोडला होता. मी म्हटलं, ठीक है. म्हणजे तिच्या घरातली वंशावळ पूर्ण होती. त्यात आम्ही होतो, मार्कांसकट. अपुरी होती ती आमची. आणि लोकांची घराणी सोडवणारी म्हणे मी!

प्रदीप वकील म्हणाला, तिकडून मृत्यूचा दाखला मिळाला तर केसची गरजच नाही, सरळ वारसनोंद होईल. “पण मग वंशावळीत सगळे वारस दाखवावे लागतील, ताई. तिकडच्या मुलींचाही हिस्सा येईल. त्या सही देतील, न देतील, हरकत घेतील, मी आज सांगू शकत नाही.” मग त्यानं पेनाचं टोपण लावलं, टेबलावरच्या तयार प्रतिज्ञापत्राकडे पाहिलं नाही, आणि म्हणाला, “मी चहा सांगून येतो. दहा मिनिटं लागतील.” गेला.

सुजीत भिंतीकडे तोंड करून उभा होता. म्हणाला, “ताई, कोनाला म्हाईत हाय? बुधाकाका मेला. आये सही करंल तं तीन म्हयन्यांत घर होतंय. दोन पावसाळं हायत माज्या हातात.” त्याचं चूक नव्हतं. त्याच्या मुलीचं अंथरूण त्या पडक्या भिंतीपासून चार हातांवर असतं, मी पाहिलं आहे. आई माझ्याकडे बघत होती. सुजीतकडे नाही, माझ्याकडे. आणि मला तो कॅरोलायनाचा कागद आठवला. दोन्ही खुणांचे फोटो मोबाइलमध्ये होते, मी ते शेजारी शेजारी लावले. आकड्याचं टोक आत वळतं तिथं, दोन्हीकडे, एक बारीकशी फुली होती. ओळख पटवायची खूण म्हणावी इतकी स्पष्ट. काल मी ती पाहिली नव्हती असं नाही. पाहिली होती आणि मला एक निष्ठावान हॅना हवी होती. ‘असं सर्वसाधारणपणे मानलं जातं.’ लोक मानतात, असं म्हणाली ती बया, मी मानते असं कुठं म्हणाली! तिला माहीत होतं. बोटी तेव्हाही होत्या. आईनं रविवारी बोंबलांची डोकी मोडता मोडता मला हे सांगितलं होतं, तेव्हा तर तिला फोनही आला नव्हता.

तिथंच बसून मी लोरीनला दोन ओळी पाठवल्या. कालचा अहवाल रद्द समजावा, दगड कोरायला देऊ नका, एझ्रा बुडाला नव्हता, तुमचं गोत कॅरोलायनातही आहे. म्हातारीला वाईट वाटेल. पण मी चौदा वर्षं लोकांना हेच सांगत आले आहे, कागदावर आहे ते लिहा, आवडेल ते नाही. दुसऱ्यांच्या घराण्यांना ते सांगताना मला कधी कष्ट पडले नाहीत. मी प्रतिज्ञापत्र उचललं, उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं वर मधोमध लिहिलं, कमलाकांत. खाली डावीकडे एक रेघ, जमना. तिच्याखाली मी आणि सुजीत. सुजीत वळून बघत होता. “ताई,” तो म्हणाला, “घर जाईल ना गो.” मी म्हटलं, “मी वेरावळला जाईन. मी स्वतः जाईन, त्यांच्या पुढ्यात बसेन, तुझ्या घराची सही आणेन. मला माणसं शोधता येतात, सुज्या, सह्या पण आणता येतील.” हे मी नुसतं धीर द्यायला म्हणाले नाही. मला खरंच वाटत होतं, अजून वाटतं. तो खाली बसला. जरा वेळानं, कागदाकडे बघतच, त्यानं विचारलं, “ती थोरली किती वर्सांची?” तो मनातल्या मनात साल मोजत होता.

मी उजवीकडे रेघ ओढली आणि आईला विचारलं, त्या बाईचं नाव काय.

“हंसा,” आई म्हणाली. एका क्षणाचाही वेळ न घेता. “थोरली मोनाली, धाकटी रिद्धी. नीट लिव, मागनं कुनाला वाचाया अडचन नको.”

मी नीट लिहिलं. चहा आला, वकील आला, त्यानं कागद पाहिला आणि पेनाचं टोपण काढलं. म्हणाला, प्रत्येकाच्या नावापुढं नातं लागेल. मी लिहीत गेले. मुलगी. मुलगा. मुलगी. मुलगी. आईच्या नावापाशी माझा हात थांबला. मी तिच्याकडे पाहिलं. ती आपल्या मोकळ्या मनगटावरून दुसऱ्या हाताचा अंगठा फिरवत होती, जिथं कातडी फिकट होती तिथं.

“काय लिहू, आई?”

“विधवा लिव,” ती म्हणाली. “पन तारीख घाल. मंगलवारची.”